डायनिंग टेबलावरचा गिअरबॉक्स

आमची गाडी ऑटोमॅटिक आहे ती हौस म्हणून नव्हे. काही वर्षांपूर्वी माझी बायको बाजारात गटाराच्या झाकणावरून घसरली आणि तिचा डावा घोटा असा काही मोडला की डॉक्टरांनी आत पट्टी घालून तो जोडला खरा, पण क्लच दाबण्याइतका जोर त्यात परत आला नाही. तेव्हा मी जुनी, वापरलेली, क्लचचं पेडल नसलेली गाडी शोधून आणली आणि माझी बायको पन्नाशी उलटल्यावर ड्रायव्हिंग शिकली. शिकवायला मी बसलो होतो. पहिल्याच दिवशी तिनं गाडी बाजूला घेतली, मला खाली उतरायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी क्लासवाल्या बाई लावल्या.

तेव्हापासून गाडी तिची. मी फक्त हवा भरायचा आणि विमा उतरवायचा धनी. नेरूळहून तळवलीला तिच्या आईकडे आणि दिवाळे गावाला मासळी आणायला, या दोन फेऱ्या ती एकटी करायची. मी "येऊ का?" विचारलं तर म्हणायची, "कशाला? तुम्ही मागच्या टेम्पोला शिव्या घालता, त्या त्याला ऐकू येत नाहीत, मलाच ऐकू येतात." यात तथ्य होतं. दिवाळ्याहून परतताना ती सुरमईबरोबर एक वेगळाच चेहरा घेऊन यायची. कुणाच्या उपकाराशिवाय कुठंतरी जाऊन आलेल्या माणसाचा असतो तसा. तो चेहरा मला फार आवडायचा, हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण तिनं लगेच विचारलं असतं की मग आधीचा चेहरा कसा होता.

तर ही गाडी एके दिवशी विचारात पडायला लागली. गिअर टाकला की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र जागची हलायची नाही. मग अचानक कुणीतरी मागून ढकलल्यासारखी पुढे जायची. त्यात पार्किंगमध्ये गाडीखाली लाल डाग पडू लागले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल लाल असतं. आमच्या सोसायटीनं नुकतेच पार्किंगमध्ये नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते आणि सेक्रेटरी त्यांच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसा बघायचा. त्यानं मोबाईलवर डागाचे फोटो काढले आणि मला गाठलं.

"काका, टेन्शन नका घेऊ, पण कमिटीत विषय आलाय. जी गाडी गळते ती गेटच्या बाहेर. तुम्ही करून घ्या ना कायतरी."

गेटच्या बाहेर म्हणजे रस्त्यावर. तिथं दिवसभर टेम्पो, पाण्याचे टँकर आणि शाळेच्या बस एकमेकांच्या अंगावर जातात. बायकोनं ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, "बाहेर लावायची असेल तर मला नकोच गाडी. मला तिथून काढता येणार नाही. रिक्षा आहेत की."

रिक्षा आहेत की! हे वाक्य तिनं चिडून म्हटलं असतं तर मी निवांत झोपलो असतो. पण ती ते अगदी समजूतदारपणे म्हणाली, आणि मला भीती वाटली. जी माणसं समजूतदारपणे एखादी गोष्ट सोडतात ती पुन्हा धरत नाहीत. गाडी नीट झाली पाहिजे, आणि तिच्या हातांना सवय आहे तोवर झाली पाहिजे, असं मी त्या क्षणी ठरवलं.

तुर्भ्याच्या गॅरेजवाल्यानं गाडी बघून मान हलवली. "साहेब, ऑटोमॅटिक आम्ही उघडत नाय. काढून देतो, बसवून देतो. आतमधे हात घालायचा तर दुसरा कोन तरी बगा." दुसरा कोण तरी म्हणजे कोण? मी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कारखान्यात पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळण्यात घालवली होती. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे तरी काय? एक पंप, ढीगभर व्हॉल्व्ह, चकत्या आणि ऑईल अडवणारी रबरी सील. निवृत्तीनंतर माझ्या हाताला खाज होतीच. मी म्हणालो, काढून द्या, आतलं मी बघतो. गॅरेजवाल्यानं माझ्याकडे अशी करुणेनं नजर टाकली, जसं देवळाबाहेर नाणं टाकतात.

त्याच्या माणसांनी पार्किंगमध्ये गिअरबॉक्स उतरवला. पण पार्किंगमध्ये गाडीचं काम करायचं नाही, असा आमच्याकडे ठराव आहे. म्हणजे तो वर, घरात न्यायला हवा. आणि ते धूड दोघांना उचलवेना. शेवटी मला सोसायटीची व्हीलचेअर आठवली. गिअरबॉक्स व्हीलचेअरवर बसवला, ऑईल सांडू नये म्हणून जुन्या चादरीत गुंडाळला, पडू नये म्हणून ओढणीनं बांधला आणि लिफ्टमध्ये घातला. दुसऱ्या मजल्यावर सोसायटीतल्या एक आजी आत आल्या. त्यांनी चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच विचारलं, "सासूबाई का?"

"नाही, नाही, गिअरबॉक्स."

आजींना कमी ऐकू येतं. त्यांनी चादरीवरून मायेनं हात फिरवला. "अगदीच गार पडल्यात हो," म्हणाल्या आणि डोळे पुसत उतरल्या. संध्याकाळपर्यंत चार घरांतून फोन आले. एका घरातून पिठलं-भात आला. तो परत कसा पाठवणार? आम्ही खाल्ला.

डायनिंग टेबलावर प्लॅस्टिक अंथरून मी कामाला बसलो. पुढचे काही आठवडे आम्ही जेवायला जमिनीवर. गिअरबॉक्सच्या आत व्हॉल्व्ह बॉडी नावाचा एक भाग असतो. वारुळासारख्या बोळांनी भरलेली ॲल्युमिनियमची चपटी पेटी, आणि त्या बोळांत बारीक स्प्रिंगा आणि मिरीएवढ्या पोलादी गोळ्या. कुठली गोळी कुठल्या भोकातली हे विसरलात तर संपलं. मी इडलीपात्र घेतलं. एका थाळीतल्या एकेका खळग्यात एकेका व्हॉल्व्हचं सामान, थाळ्या एकावर एक, वर झाकण. माझ्या मते अख्ख्या जगात गिअरबॉक्स दुरुस्तीसाठी इतकं योग्य भांडं दुसरं नाही. बायकोच्या मते अख्ख्या जगात इडलीसाठी इतकं योग्य भांडं दुसरं नव्हतं. आमच्या घरी त्या महिन्यात डोसे झाले.

मग सासूबाई आल्या. जिवंत आणि खणखणीत. तळवलीहून लेकीला बघायला रिक्षानं आल्या, कारण लेक यायची थांबली होती. मी गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या नव्या चकत्या लाल ऑईलमध्ये भिजत घातल्या होत्या, त्या घालायच्या आधी भिजवाव्याच लागतात, आणि त्यासाठी घरातलं स्टीलचं मोठं पातेलं वापरलं होतं. सासूबाईंनी स्वयंपाकघरात झाकण उचललं आणि डाव घातला.

"आई, पिऊ नका!" मी ओरडलो.

"मना वाटला सरबत हाय," त्या म्हणाल्या. मग डावानं एक चकती वर काढून त्यांनी ती उजेडात धरली. "जावयबापू, यो काय हाय? पापड?"

मी त्यांना चकत्या कशा एकमेकींना धरतात, ऑईलचा दाब कसा येतो, गिअर आपोआप कसा बदलतो, ते समजावलं. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, "पन गारी कवा चालंल? माजी पोर घरात बसून हाय." मी पातेल्यावर झाकण ठेवलं. बायको आतून म्हणाली, "आई, जाऊ दे ना. चालवली की एवढी वर्षं." त्या वाक्यानं मला डावानं मारल्यासारखं झालं. मी त्या रात्री गुपचूप दोन गोष्टी केल्या. देवाला सांगितलं, आणि पंपाचं सील उलटं बसलं होतं ते सुलटं केलं.

दसऱ्याच्या सकाळी गिअरबॉक्स एकदाचा जुळला. सगळे तुकडे आत, इडलीपात्र रिकामं, एकही गोळी उरली नाही. माझी छाती फुगली. गॅरेजवाल्याची माणसं दुपारी चढवायला येणार होती. सासूबाई आमच्याकडेच होत्या. त्यांच्याकडे दसऱ्याला गाडी, होडी, कोयता, शिलाई मशीन, जे जे पोट भरतं त्या सगळ्याला कुंकू लागतं.

"कुकू लावल्याबिगर गारीत घालाचा नाय," त्यांनी जाहीर केलं.

आता मी नास्तिक नाही, पण सीलच्या बाबतीत कट्टर आहे. कुंकवाचा एक कण सीलखाली गेला तर सगळं मुसळ केरात. मी म्हणालो, "आई, लावा, पण खाली नको, बाजूला नको, जोडाच्या आसपास तर नकोच. इथं वरती लावा, मागच्या अंगाला. इथं काही नाही." आणि बोट ठेवून जागा दाखवली. सासूबाईंनी वाटीत कुंकू कालवलं आणि माझ्या बोटाच्या जागी भलंमोठं स्वस्तिक काढलं. मग उरलेलं कुंकू वाया कशाला घालवायचं म्हणून तेही तिथंच थापलं. वर हळद, वर अक्षता, झेंडूची माळ, समोर नारळ. गिअरबॉक्स इतका देखणा दिसत होता की बायकोनं फोटो काढून तिच्या मैत्रिणींना पाठवला. एकीनं उत्तर दिलं, "कुठलं जागृत देवस्थान गं?"

माळ काढून, पुन्हा व्हीलचेअरवरून, पुन्हा चादरीत, तो खाली गेला. लिफ्टमध्ये या वेळी कुणी नव्हतं, देवाची कृपा.

संध्याकाळी गाडी सुरू केली. गिअर टाकला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. मी पाम बीच रोडवर जाऊन आलो, ओरडणं नाही, धक्का नाही. गाणं म्हणावंसं वाटलं, आणि एकटाच होतो म्हणून म्हटलंही. परत आलो, पार्किंगमध्ये लावली, खाली वाकून बघितलं. टप. लाल थेंब.

त्यानंतरचा आठवडा मी माणसात नव्हतो. गळती कुठून होते ते कळावं म्हणून मी गाडीखाली पांढरी रांगोळी पसरली. थेंब जिथं पडेल त्याच्या वर दोषी. दुसऱ्या दिवशी बघतो तर कुणीतरी त्या रांगोळीला छान वेलबुट्टीची किनार काढून ठेवलेली. गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनचं गॅस्केट बदललं. थेंब. चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं सील बदललं. थेंब. ऑईल थंड करणाऱ्या नळीच्या क्लिपा बदलल्या. थेंब. सगळा तळ रॉकेलनं पुसून कोरडा केला आणि त्यावर लहान मुलांची पावडर मारली, म्हणजे ओघळ दिसेल. ओघळ दिसला नाही, पण पार्किंगमध्ये आठवडाभर बाळाच्या आंघोळीचा वास होता.

चमत्कार असा की ऑईलची पातळी तसूभरही खाली जात नव्हती. शिवाय गाडी नुसती उभी असली की गळायची नाही. चालवून आणली की गळायची. मी याचा सिद्धांत मांडला. गिअरबॉक्स गरम झाला की दाब वाढतो, म्हणून थेंब येतो. मी बायकोला तो आकृती काढून समजावला. ऑक्टोबरचा उकाडा असा होता की प्रत्येक वेळी आम्ही ए.सी. पूर्ण लावूनच फिरत होतो. थेंब बोटावर घेऊन बघायचो, तर माझी बोटं महिनाभर ऑईलमध्येच होती. त्यांना गंगाजळसुद्धा तेलकट लागलं असतं.

आणि गाडीची किल्ली माझ्या खिशात. "पूर्ण झाल्याशिवाय तू चालवू नकोस," मी बायकोला बजावलं होतं. ती म्हणाली, "बरं." नुसतं बरं. पूर्वी तिनं किल्ली हिसकावली असती.

रविवारी सकाळी कमिटीनं पार्किंगमध्येच बैठक लावली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास आणि विषय एकच, माझी गाडी. सेक्रेटरी म्हणाला, "काका, आज फायनल. थेंब पडला तर गाडी बाहेर." सासूबाई आणि बायको खुर्च्यांवर बसल्या होत्या. त्या निघाल्याच होत्या तळवलीला, रिक्षानं. जाता जाता थांबल्या होत्या, म्हणजे माझी फजिती बघून मग जाणार होत्या.

मी ताजी रांगोळी पसरली, गाडी सुरू केली, काचा लावल्या, ए.सी. लावला आणि तापू दिली. मग उतरून जमिनीवर आडवा झालो. कमिटीचे सगळे सभासद माझ्याभोवती उकिडवे बसले. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, सुटलो. आणि टप. लाल. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. पाठोपाठ दुसरा. आणि त्या दुसऱ्या थेंबाबरोबर रांगोळीवर काहीतरी पडलं. बारीक, लांबट, लाल.

मी ते चिमटीत धरून बघितलं. तांदळाचा दाणा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये काय काय असतं ते मला आता पाठ होतं. तांदूळ नसतो. मी तसाच पडल्या पडल्या त्या दाण्याकडे बघत राहिलो, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मी उठलो, बॉनेट उघडलं, गरम इंजिनाच्या मागून हात घातला आणि आठवडाभर हात न लावलेल्या त्या वरच्या, मागच्या जागेवर बोटं फिरवली. हात बाहेर काढला तर कोपरापर्यंत कुंकू. ए.सी.चं पाणी जिथून बाहेर पडतं ती नळी बरोबर त्या जागेच्या वर होती. पाणी स्वस्तिकावर पडत होतं आणि लाल होऊन खाली येत होतं. ती जागा मीच बोट ठेवून दाखवली होती. अख्ख्या गिअरबॉक्सवर तेवढीच एक जागा चुकीची होती, आणि ती मी निवडली.

"गळत नाहीये!" मी लाल हात वर करून ओरडलो. "हे कुंकू आहे! दसऱ्याचं!"

सेक्रेटरीला आधी वाटलं मला ऊन लागलं. मी ए.सी. बंद केला, थेंब थांबले. चालू केला, आले. कमिटी उठली आणि तिथंच बैठक पुन्हा सुरू झाली. एक म्हणे, लाल थेंब तो लाल थेंब, ब्लॉकला डाग पडणारच. दुसरा म्हणे, कुंकवाचा डाग तेलाच्या डागात कसा धरणार? सेक्रेटरी रोज सकाळी गंध लावल्याशिवाय खाली न उतरणारा माणूस. त्याची पंचाईत झाली. "काका, ते तुम्ही धुवून टाका ना," तो अगदी हळू म्हणाला.

सासूबाईंनी ऐकलं. "कोन धुतंय?" त्या खुर्चीवरूनच म्हणाल्या. "दसऱ्याचा कुकू हाय. आपल्या आपन जाईल तवा जाईल." त्यानंतर धुण्याचा विषय कुणी काढला नाही. पण पाण्याचा थेंब ही गळती धरायची की नाही, यावर मात्र जोरात सुरुवात झाली, आणि मीही त्यात पडलो. मी कारखान्यातला अनुभव सांगितला. मी हवेतल्या दमटपणावर बोललो. मी पेव्हर ब्लॉक मुळातच वाकडे बसवलेत असंही बोललो, जे बोलायला नको होतं.

या गदारोळात माझ्या शर्टाच्या खिशात कुणीतरी हात घातला. बायको होती. तिनं किल्ली काढून घेतली, आईला धरून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसली. मी खुर्च्या ओलांडत धावलो. "अगं थांब, मी येतो!"

तिनं काच खाली केली. "गाडी नीट झाली ना?"

"झाली, पण..."

"मग?" ती म्हणाली. आणि काच वर केली.

गाडी एकही हिसका न देता रांगोळीवरून मागे आली, वळली आणि गेटच्या बाहेर गेली. वॉचमननं तिला सलाम ठोकला. तिनं टँकरला हॉर्न दिलेला मला आतपर्यंत ऐकू आला, लांबलचक. मी मात्र तिथंच कमिटीच्या तावडीत सापडलो, आणि बराच वेळ सुटलो नाही.

तळवली काही लांब नाही. पोचली की ती एक मिस्ड कॉल द्यायची. आला नाही. मी चहा घेतला. आला नाही. मी मनातल्या मनात गिअरबॉक्स पुन्हा खोलला. एकेक चकती, एकेक स्प्रिंग, ते उलटं बसलेलं सील. वाटेतल्या पुलावर गाडी बंद पडली असेल. मागून ट्रेलर आला असेल. मी फोन केला, तिनं उचलला नाही. पुन्हा केला. बैठक संपून खुर्च्या रचायला सुरुवात झाली होती आणि मी एका खुर्चीवरून उठतच नव्हतो, तेव्हा तिचा फोन आला.

"कुठं आहात तुम्ही?" मी ओरडलोच.

"उरणला."

"उरणला? तळवली सोडून उलट्या दिशेला?"

"आईला मावशीकडे जायचं होतं. कधीपासून म्हणत होती. म्हटलं गाडी आहे तर जाऊया."

तो सगळा रस्ता कंटेनरच्या ट्रेलरांचा. त्यावर ती कधी गेली नव्हती. मी तिला कधी जाऊ दिलं नसतं. विचारायला पुष्कळ होतं. ट्रेलर किती होते, घाबरलीस का, पाय दुखतोय का. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"गिअर कसा पडतोय?"

मागून सासूबाईंचा आणि मावशींचा एकाच वेळी बोलण्याचा आवाज येत होता.

"अहो, लक्षच गेलं नाही," ती म्हणाली. "कळतच नाही कधी पडतो ते."

मी फोन ठेवला आणि मला रडू आलं. चांगलं घळाघळा. सेक्रेटरी हातातली खुर्ची टाकून धावत आला. "काका, काय झालं? गाडी बंद पडली का?"

"डोळ्यात ऑईल गेलं," मी म्हणालो.